उसाच्या पाण्यासाठी घरची टॉर्च

मेकॅनिकल वेप (सर्किट नसलेली, थेट सेलवर चालणारी ई-सिगारेट) जोडायच्या नादाला लागू नका पोरांनो, २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं विकणं मागवणं सगळं बंद आहे. सेल आणि ओहमचं गणितच शिकायचंय ना, मग रात्री उसाला पाणी द्यायला न्यायची टॉर्च जोडा, इकडं सांगली जिल्ह्यात वाळव्या-पलूसला शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते.

१८६५० सेल (चार्ज होणारा लिथियम सेल) फुल चार्ज ४.२ व्होल्ट, १ वॅटचा पांढरा एलईडी साधारण ३.२ घेतो, उरला १, त्याला एलईडीच्या ०.३५ अँपिअर करंटनं भागा, २.९ येतं, म्हणून ३.३ ओहमचा १ वॅटवाला रेझिस्टर लावा. एलईडीमागं गरमी काढायला ॲल्युमिनियमची पट्टी पाहिजेच.

सेलचं प्लॅस्टिक फाटलं असेल तर वापरू नका, प्लॅस्टिकखालचा सगळा पत्रा मायनस असतो, शॉर्ट झाला की पेटतो. खिशात किल्ल्यांबरोबर तर अजिबात नको. ३ व्होल्टखाली गेला की चार्जिंगला लावा.