खाऱ्या वाऱ्यात बीटलचा सायलेन्सर स्वतः बनवायचा असेल तर

मालवणसारख्या ठिकाणी जुनी फोक्सवॅगन बीटल ठेवायची म्हणजे दर दोन-तीन पावसाळ्यांनी एक सायलेन्सर भंगारात जाणार हे ठरलेलंच. वरून रंग ठीकठाक दिसतो, आणि एक दिवस सकाळी चावी फिरवली की शेजारचे विचारतात ट्रॅक्टर घेतलास काय. तिसऱ्या वेळी म्हटलं आता आपणच बनवू. पहिला फसला, दुसरा जमला, त्यातून जे कळलं ते सांगतोय.

आवाजाचा नाद असेल तर तो जरा बाजूला ठेवा. या इंजिनाला रेडिएटर नाही, वरचा फॅन थंड हवा ओढतो, सिलिंडरवरून खाली ढकलतो, आणि एक्झॉस्ट त्या खालच्या गरम बाजूला लटकलेला असतो. मधले पत्रे आणि कडेचं रबर ही गरम हवा वर येऊ देत नाहीत. पाईप बसत नाही म्हणून पत्रा कापला आणि फट तशीच ठेवली तर फॅन तीच गरम हवा परत ओढणार. म्हणून पत्र्याला भोक पाडलंत तर ते बंद कसं करणार हे आधी ठरवा, मग ग्राइंडर हातात घ्या.

मूळ गाडीत 1 आणि 3 नंबर सिलिंडरचा धूर हीटर बॉक्समधून (केबिन गरम करायच्या पत्र्याच्या डब्यातून) जातो. आपल्याकडे हीटर कोणाला पाहिजे! शिवाय बॉक्स आतून गंजला की कार्बन मोनॉक्साईड थेट केबिनमध्ये येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. मी ते काढून साधे जे-पाईप (J सारखे वाकवलेले पाईप) टाकले. पण मग फॅनच्या कव्हरला दोन बाजूंना हीटरची जी तोंडं असतात ती झाकण लावून बंद करावी लागतात, नाहीतर इंजिनाची थंड हवा तिथूनच पळते. माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. फोंडा घाट चढून वर थांबलो तर आयडलिंगला ऑईलचा लाल दिवा लुकलुकायला लागला, बोनेट (म्हणजे मागचं) उघडून अर्धा तास कठड्यावर बसलो तेव्हा ते उघडं तोंड दिसलं.

जुना एक्झॉस्ट काढताना घाई नको. हेड (सिलिंडरवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं, त्यात 8 मिमीचे स्टील स्टड (आट्याचे खुंट), वर आपली खारी हवा. दोन रात्री डिझेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारत राहा, मग नट गरम करून त्याला मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यात शिरतं. पाना पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. स्टड तुटला तर बऱ्याचदा हेडच उतरवावं लागतं. आणि गाडी चिऱ्यावर टेकवू नका, घरामागे चिरे पडलेलेच असतात म्हणून मोह होतो, पण जांभा कधी फुटेल सांगता येत नाही. जॅक स्टँडच वापरा.

पाईप 1200 च्या इंजिनाला 35 मिमी आणि 1600 ला 38 मिमी बाहेरून पुरतो, जाडी 1.5 मिमी. जाड पाईप म्हणजे जास्त ताकद हा गैरसमज आहे, वायूचा वेग पडतो आणि खालचा पिकअप जातो. आमचे एक आजोबा म्हणाले, "अरे मेल्या, पाण्याचो पाईप लाव नि मोकळो हो!" जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाईप अजिबात नको, वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो आणि रात्री थंडीताप भरतो. 304 ग्रेडचं स्टेनलेस चालतं, समुद्राजवळ तपकिरी डाग पडतात पण टिकतं. 316 घेतलंत तर उत्तम, खिसा बघून ठरवा.

आता मापं. पाईप कापायच्या आधी कुंपणाची जाड तार घ्या आणि चारही पोर्टपासून (हेडवरच्या धुराच्या तोंडांपासून) कलेक्टरपर्यंत, म्हणजे चार पाईप एकत्र येतात त्या जोडापर्यंत, ती वाकवून बघा. तारेची लांबी म्हणजे पाईपची लांबी, चारही जवळपास सारख्या करा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-4-3-2 आहे, तर कलेक्टरमध्ये पाईपही त्याच क्रमाने गोल फिरवून बसवा. सगळ्यात खालचा भाग गतिरोधकाला लागणार नाही हे माणसं बसवून तपासा. सायलेन्सर बॉडीला बांधायचा नाही, सगळं वजन इंजिनावर. इंजिन गिअरबॉक्सला लटकलेलं असतं आणि हलतं, बॉडीला क्लॅम्प मारलात की काही दिवसांत तडा.

गाडीवर फक्त टाके मारा, बॅटरी काढून. पूर्ण आर्गन वेल्डिंग खाली उतरवून, पण फ्लँज (पाईपच्या टोकाची बोल्टाची पट्टी) जाड प्लेटला किंवा जुन्या हेडला बोल्ट करूनच. माझा पहिला सेट इथेच गेला. वेल्डरने मोकळाच वेल्ड केला, दिसायला दागिना, आणि बसवायला गेलो तर एक फ्लँज 4 मिमी बाजूला! स्टेनलेस गरम झालं की ओढतं. पाईपच्या आतही आर्गन सोडायला सांगा, नाहीतर वेल्डच्या आतल्या बाजूला साखरेसारखे दाणे येतात, तिथूनच चीर जाते. मीटरभर स्टेनलेस 400 अंशांनी तापलं की जवळपास 7 मिमी वाढतं, म्हणून कलेक्टरला स्लिप जॉइंट (एकात एक सरकणारा जोड) ठेवा.

पाईपला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळायची फॅशन आहे. आपल्याकडे नको, दमट खारी हवा धरून ठेवते. सायलेन्सर कप्प्यांचा बनवा, काचेच्या लोकराचा नको, पावसाळ्यात ती भिजते.

बसवताना गास्केट नवीन, स्टडला कॉपर ग्रीस, नट थंड असताना 20 न्यूटन-मीटर, आणि शंभरेक किमीनंतर परत एकदा. गळती बघायला व्हॅक्यूम क्लीनरची हवा फुंकणारी बाजू टेलपाईपला लावा आणि जोडांवर साबणाचं पाणी, फुगे आले की कळतंच. ॲक्सिलरेटर सोडल्यावर पटपट फुटत असेल तर कुठेतरी हवा आत जातेय. एक्झॉस्ट मोकळा झाला की मिश्रण पातळ होऊ शकतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), प्लग पांढरट दिसले तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) 127.5 वरून 130 करून बघा. पीयूसीही लगेच काढा, आणि आवाज वाढला असेल तर सायलेन्सरमध्ये अजून एक कप्पा टाका, पोलिसांशी हुज्जत घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

एक राहिलं, सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी 3 मिमीचं भोक पाडा. छोट्या फेऱ्यांत आत पाणी साचतं, सायलेन्सर आतूनच कुजतो तो त्यामुळे. ते भोक काजळीने बुजतं, मी मिरगाच्या आधी तार घालून साफ करतो, परवा केलं तर चहाच्या कपभर काळं पाणी निघालं.