किनोसाकीच्या गरम पाण्यात उतरताना

जपानची सहल म्हणजे टोकियो, क्योटो, ओसाका, असंच बहुतेकांचं ठरलेलं असतं. माझं ऐका, त्यातली एक रात्र किनोसाकीसाठी राखून ठेवा. ह्योगो प्रांतातलं हे लहानसं गाव ओन्सेनचं, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं. हे गाव सात सार्वजनिक स्नानगृहांसाठी ओळखलं जातं आणि गावात मुक्कामाला राहणाऱ्यांना या स्नानगृहांचा पास मिळतो.

आधी रेल्वेचं बघू. क्योटोहून ‘किनोसाकी’ नावाचीच एक्स्प्रेस आहे, साधारण अडीच तास लागतात. ओसाकाकडून येणारी गाडी ‘कोनोतोरी’. कोनोतोरी म्हणजे करकोचा. जखमी करकोचा इथल्या पाण्यात उभा राहून बरा झाला आणि त्यावरून झऱ्याचा शोध लागला, अशी दंतकथा आहे. सातांपैकी ‘कोनो-यु’ हे स्नानगृह त्याच्याच नावाचं.

देशभर चालणाऱ्या सात दिवसांच्या रेल्वे पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाली. एवढ्याशा फिरण्यासाठी तो घेऊ नका. क्योटो-ओसाका भागातच राहणार असाल तर पाच दिवसांचा कान्साई वाइड एरिया पास बघा, त्यात किनोसाकी येतं. सीट मात्र आधीच राखून ठेवा.

टोकियोहून क्योटोला शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने जाताना उजवीकडची, ‘ई’ अक्षराची खिडकी मागा. आकाश स्वच्छ असेल तर फुजी पर्वत दिसतो. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीपेक्षा मोठी बॅग असेल तर या मार्गावर तिच्यासाठी खास सीट आरक्षित करावी लागते. त्याऐवजी मोठी बॅग कुरियरने पुढच्या हॉटेलवर पाठवा आणि एका रात्रीपुरती सॅक घेऊन निघा. फलाटावर डब्यांचे क्रमांक लिहिलेले असतात, तिथेच रांगेत उभं राहायचं.

शाकाहारी असाल तर खोली बुक करतानाच कळवा, आणि ‘दाशी’सुद्धा चालत नाही हे स्पष्ट सांगा. दाशी हा बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो आणि तो साध्या दिसणाऱ्या भाजीतही असतो. स्टेशनवर मिळणाऱ्या जेवणाच्या डब्यांचंही तेच. घरचा चिवडा, लाडू सोबत असू द्या.

आता खरी गोष्ट, स्नान. आपल्याकडे वज्रेश्वरीच्या कुंडात आपण कपड्यांनिशी उतरतो. इथे अंगावर एक धागाही चालत नाही. बायका-पुरुषांचे विभाग वेगळे असतात. दारावरचा पडदा बहुधा पुरुषांसाठी निळा, बायकांसाठी लाल. खात्री नसेल तर विचारा. संकोच मलाही फार वाटला होता. दार सरकवून आत गेले तर सगळ्या आपापल्या अंगाला साबण लावण्यात गुंतलेल्या. कोणी मान वर करूनही पाहिलं नाही.

कपडे टोपलीत किंवा लॉकरमध्ये ठेवायचे, हातात फक्त छोटा टॉवेल. बुटक्या स्टुलावर बसून आधी स्वच्छ अंघोळ करायची, केसांपासून पायांपर्यंत. साबणाचा थेंबही अंगावर राहू देऊ नका, कारण हौदातलं पाणी सगळ्यांचं आहे. केस वर बांधा. टॉवेल पाण्यात बुडवू नका, घडी करून डोक्यावर ठेवा. पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं, म्हणून हळूहळू उतरा. पाच-सात मिनिटांनी बाहेर येऊन कडेला बसा, मग पुन्हा जा. चक्कर येतेय असं वाटलं तर लगेच बाहेर या. मद्य घेऊन किंवा भरल्या पोटी उतरू नका. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अंगावर गोंदण असलं तरी इथल्या सार्वजनिक स्नानगृहांत अडवत नाहीत. जपानमध्ये इतरत्र अनेकदा अडवतात.

मुक्कामाच्या ठिकाणी युकाता, म्हणजे साधा सुती किमोनो मिळतो. तो घालूनच गावात फिरायचं. डावी बाजू उजवीवर येऊ द्या, उलटी घडी मृतांना घालतात. पायात लाकडी गेता, नदीकाठी विलोची झाडं, आणि अंधार पडला की पुलांवरून सगळीकडे त्या गेतांची खटखट.

सगळी स्नानगृहं एका संध्याकाळी उरकायच्या मागे लागू नका, तीन पुरेत. प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी वेगळी असते, तेवढी बघून घ्या. काही स्नानगृहं सकाळी सातला उघडतात. परतीची गाडी दहानंतरची घेतलीत तर आणखी एकदा पाण्यात बसायला मिळतं.