एच पायलोरीची टेस्ट करायचीय? आधी पित्ताच्या गोळीचं बघा

रोज सकाळी चहाच्या आधी पित्ताची गोळी, असं वर्षानुवर्षं चालू असलेलं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतंच, आमच्याकडे मामा आहे. करपट ढेकर, उपाशीपोटी आग, मग गोळी, मग बरं, परत तेच. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून एच पायलोरीची, म्हणजे पोटात राहून अल्सर करणाऱ्या जंतूची, टेस्ट केली तर निगेटिव्ह, सगळे खूश, आणि सहा महिन्यांनी डांबरासारखी काळी शी व्हायला लागली म्हणून पळापळ, दुर्बीण घातली तर अल्सर आणि हाच बॅक्टेरिया. झालं असं होतं की टेस्टच्या दिवशी सकाळीसुद्धा गोळी घेतली होती, आणि लॅबमध्ये कुणी विचारलंच नाही.

हा जंतू पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये जगतो कारण तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं अ‍ॅसिड मारतो. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल असल्या पित्ताच्या गोळ्या चालू असल्या की त्याची संख्या कमी होते, तो पोटात जागा बदलतो, आणि टेस्टला सापडत नाही. मरत मात्र नाही. म्हणून टेस्टच्या आधी किमान 2 आठवडे या गोळ्या बंद हव्यात, आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ (पोटासाठीचं एक औषध) घेतलं असेल तर 4 आठवडे. मधे जळजळ झालीच तर साधं अँटासिड चालतं का ते डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा आधी अल्सरमधून रक्त गेलं असेल तर मात्र स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका.

टेस्ट कुठली? फुंकर मारायची ब्रीद टेस्ट किंवा शीची अँटिजेन टेस्ट (शीत जंतूचे अंश शोधणारी), दोन्ही चांगल्या. ब्रीद टेस्टला रिकाम्या पोटी जायचं, गर्भवती असाल तर आधी सांगा कारण सी-14 (कार्बनचा एक प्रकार) वाल्या टेस्टमध्ये अगदी थोडं का होईना रेडिएशन असतं, सी-13 मध्ये ते नसतं. पॅकेजमध्ये गळ्यात मारतात ती रक्ताची अँटिबॉडी टेस्ट (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी) मला तरी पैसे वाया वाटते, कारण जंतू गेल्यावरही ती महिनोन्महिने पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि काळी शी, रक्ताची उलटी, वजन उतरणं, गिळायला त्रास, हिमोग्लोबिन कमी, यातलं काही असेल तर ब्रीद टेस्ट वगैरे करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा, दुर्बीण लागू शकते.

पॉझिटिव्ह आलं तर साधारण 14 दिवसांचा कोर्स असतो, अ‍ॅसिड कमी करायची गोळी आणि दोन अँटिबायोटिक, कधी वर बिस्मथ. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोलला हा जंतू बऱ्याचदा दाद देत नाही, त्यामुळे आधी कधी कुठली अँटिबायोटिकं खाल्लीत ते आठवून सांगा, जुन्या चिठ्ठ्या असतील तर घेऊनच जा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर तेही, कारण यात बहुतेक वेळा अमॉक्सिसिलिन असतं. अ‍ॅसिडवाली गोळी जेवणाआधी अर्धा तास. मेट्रोनिडाझोलने तोंडात धातूसारखी चव येते, बिस्मथने जीभ आणि शी काळी होते, घाबरू नका (पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची असेल तर दाखवाच). दारू बंद. आणि अँटिबायोटिक म्हटलं की आपण दहीभात खातो ना, तर टेट्रासायक्लिन दिलं असेल तर दूध-दही त्याच्याबरोबर नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही, उरलेला जंतू पुढच्या वेळी जास्त चिवट होतो.

कोर्स संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी परत टेस्ट, आणि तेव्हाही आधीचे 2 आठवडे पित्ताची गोळी बंद. ही टेस्ट बहुतेक लोक करतच नाहीत, मामाने पण टाळलीच होती, मामी मागे लागली म्हणून केली.

तिखटाने अल्सर होतो हे मामा अजून म्हणतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शल या डॉक्टरने 1984 मध्ये स्वतः या जंतूचं कल्चर पिऊन पोटाला सूज आणून दाखवली, 2005 मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी रॉबिन वॉरनला याच जंतूच्या शोधासाठी नोबेल मिळालं, पण मामासमोर नोबेलचं काय चालणार! अर्थात दुखण्याच्या गोळ्या सतत खाल्ल्यानेही अल्सर होतो, ते वेगळं.

घरात कुत्रा-मांजर असेल तर लोक त्यांच्याकडे संशयाने बघायला लागतात. त्यांच्या पोटात असलेच वळणदार जंतू असतात, इटलीच्या बिद्झोझेरो या शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या पोटात ते 1893 मध्येच पाहिले होते, पण ते बहुतेक वेगळ्या जातीचे, आणि धडधाकट कुत्र्या-मांजरांतही सर्रास सापडतात. आपला एच पायलोरी मुख्यतः माणसाकडून माणसाला, तोही बराचसा लहानपणी घरातच लागतो. कुत्र्याला तोंड चाटू देऊ नका, हात धुवा, एवढं पुरे. तो वारंवार उलट्या करत असेल तर व्हेटकडे न्या, ते आधी बाकीची कारणं तपासतील, आणि कोर्समधल्या उरलेल्या गोळ्या कृपा करून त्याला देऊ नका. तसं बघितलं तर कोर्स नीट केला असेल तर गोळ्या उरायलाच नकोत.