जहाजावर आजारी पडलात? भरपाईच्या क्लेममध्ये या चुका टाळा

पुण्याला समुद्र नाही, पण तळेगाव आणि लोणी काळभोरला शिकून बोटीवर गेलेली पोरं इथे गल्लोगल्ली आहेत. मी इंजिनरूममध्ये वीस वर्षं काढून आता कोथरूडला स्थिरावलोय. वर्षाकाठी दोन-तीन जण तरी फाइल घेऊन येतात: "काका, क्लेम नाकारला." फाइल उघडली की बहुतेक वेळा दिसतं, घोळ बोटीवरच्या पहिल्या कागदातच झालाय.

मागे एक फिटर आला होता. स्पेअर उचलताना कमरेत उसण भरली. त्याने सेकंड इंजिनीअरला तोंडी सांगितलं, दोन गोळ्या घेतल्या आणि काम सुरू ठेवलं. आठवड्याने पाय बधिर. मेडिकल लॉगमध्ये एकच शब्द होता, 'पाठदुखी'. कधी, कुठे, काय उचलताना, याचा पत्ता नाही. आता गंमत बघा: आंतरराष्ट्रीय युनियन करारांतलं अपंगत्वाचं कलम बऱ्याचदा 'अपघातामुळे झालेली इजा' असंच बोलतं; आजारासाठी उपचार आणि सिक पे (आजारपणातला पगार) वेगळा. म्हणजे त्या एका शब्दावर मोठी रक्कम अडली. नोंद स्वतः वाचा. तपशील सुटला असेल तर त्याच दिवशी कॅप्टनला ईमेल करा आणि प्रत आपल्या खासगी मेलवर ठेवा. परदेशातल्या बंदरात डॉक्टरने दिलेल्या कागदाचा फोटोही लगेच काढा. (न घडलेला अपघात रचू नका. तो पहिल्याच चौकशीत उघडा पडतो.)

साइन-ऑफच्या, म्हणजे बोटीवरून उतरतानाच्या, कागदावर कारण काय लिहिलंय? 'स्वतःच्या विनंतीवरून' असेल तर सही करू नका. वैद्यकीय कारणाने उतरताय, तर तेच लिहून घ्या. "लवकर घरी जाशील" म्हणत पुढे सरकवलेल्या कागदावर भले भले सही करून बसलेत.

जॉइनिंगच्या मेडिकलला बीपीची गोळी लपवणं तर नेहमीचंच. सागरी कामगार करार, २००६ (MLC, खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) यानुसार जाणूनबुजून लपवलेल्या आजाराची जबाबदारी मालकावरून काढता येते. मग पुढे बाकीचे कागद कितीही चोख असोत.

खास पुणेरी चूक घरी आल्यावर होते. आई म्हणते, आधी आपल्या डॉक्टरांना दाखव. महिनाभर काढे आणि मालिश, मग कंपनीला फोन. घरच्या डॉक्टरांकडे जरूर जा, पण कंपनीने नेमलेल्या डॉक्टरची तपासणी कॉन्ट्रॅक्टमधल्या मुदतीत करून घ्या आणि मॅनिंग एजंटला (बोटीवर माणसं पुरवणाऱ्या एजंटला) लेखी कळवा. फिलिपिनो खलाशांना त्यांच्या सरकारी कॉन्ट्रॅक्टप्रमाणे परतल्यावर कामाच्या तीन दिवसांत हजर व्हावं लागतं. न गेल्यास हक्क जाऊ शकतो. तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये किती दिवस आहेत, ते बोटीवर असतानाच बघून ठेवा. सागरी कामगार करारानुसार उपचारांचा खर्च आणि आजारपणातला पगार यांची मालकावरची जबाबदारी देशाच्या कायद्याने मर्यादित करता येते, पण १६ आठवड्यांपेक्षा कमी नाही. घरी उतरल्यावरचा पगार मात्र पूर्ण मिळेलच असं नाही.

ससूनमधून मिळालेलं दिव्यांग प्रमाणपत्र जोडून निर्धास्त होणारेही असतात. ते सरकारी सवलतींसाठी. क्लेममध्ये प्रश्न वेगळा: करारातल्या तक्त्याप्रमाणे अपंगत्व किती टक्के, आणि हा माणूस पुन्हा समुद्रावर जाऊ शकतो का? कंपनीचा डॉक्टर 'फिट' म्हणाला आणि तुमचा 'अनफिट', तर बऱ्याच करारांत दोन्ही बाजूंनी मिळून तिसरा डॉक्टर निवडायची सोय असते. त्याचा निर्णय दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो. ही मागणी लेखीच करा. नुसत्या फोनवर भांडून आलेले मी खूप पाहिलेत.

शेवटचं, चेकबरोबर येणारी 'फुल अँड फायनल' पावती, म्हणजे 'सगळे पैसे मिळाले, आता काही मागणी नाही' असं लिहून घेणारा कागद. करारापेक्षा कमी रक्कम घ्या म्हणून दबाव आणायला सागरी कामगार करारात मनाई आहे. अपंगत्व किती हे ठरायला वेळ लागणार असेल, तर तोवर अंतरिम रक्कम देण्याचीही तरतूद आहे. विम्याचं प्रमाणपत्र बोटीवर दर्शनी जागी लावलेलं असतं; उतरण्याआधी त्याचाही फोटो घ्या. एजंट फोन उचलेनासा झाला, तर त्यावर थेट विमा कंपनीचा पत्ता मिळतो.