मेयोनीजशिवाय टूना: चक्का वापरा

सँडविचसाठी टूना माशाचा डबा घेताना तेलातला नको, पाण्यातला घ्या. मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 10 ग्रॅम फॅट असते. त्याजागी चक्का चालतो. नाशिकच्या डेअरीत श्रीखंडासाठी चक्का तयार मिळतो, पण तो बहुधा म्हशीच्या दुधाचा, म्हणजे फॅट आलीच. त्यापेक्षा टोन्ड दुधाचे वाटीभर दही मलमलच्या फडक्यात बांधून दोन तास फ्रिजमध्ये टांगा.

टूना चाळणीत ओतून चमच्याने दाबा, पाणी पूर्ण निथळू द्या. इथेच बहुतेकांचे बिघडते: मासा ओला राहिला की मिश्रण पातळ होते आणि ब्रेड लगदा. एका डब्याला तीन मोठे चमचे चक्का, अर्धा चमचा मोहरीची पेस्ट, अर्धे लिंबू, मिरपूड, कोथिंबीर. लासलगावचा लाल कांदा बारीक चिरून, थंड पाण्यात दहा मिनिटे ठेवून, पिळून घाला, उग्रपणा जातो. मीठ शेवटी आणि चाखूनच, कारण डब्यातला मासा बहुतेक वेळा आधीच खारट असतो. शिवाय मिठाने कांद्याला पाणी सुटते, म्हणून कालवले की लगेच खा.

हंगामात चार-पाच द्राक्षे अर्धी कापून टाका. विचित्र वाटेल, पण लागते झकास. ब्रेडऐवजी ज्वारीच्या भाकरीबरोबरही चालते.