वॉक झाल्यावर काकूंकडे वाईला जायचंय, तर शुक्रवारीच एवढं उरका

मंडळी, शनिवारी सकाळी पुण्यात कॅन्सर पेशंट्ससाठीचा 10 किमीचा वॉक, तिथून डायरेक्ट वाईला काकूंकडे आणि रविवारी संध्याकाळी परत, प्लॅन दरवर्षीचाच आहे पण मागच्या वेळी निम्म्या गोष्टी खंबाटकी घाटात आठवल्या म्हणून आत्ताच लिहितोय.

बूट नवे नकोत, रोजचेच घाला, नखं दोन दिवस आधी कापून टाका. गाडीत चपला, टॉवेल, कोरडा टीशर्ट ठेवा, आणि वाईला रात्री चांगलीच थंडी पडते तेव्हा आईबाबांसाठी स्वेटर न विसरता. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ घालून बाटली भरा. पहाटे चारला उठून, चालून, वर मिसळ खाऊन कुणी स्टिअरिंगवर बसायचं नाही, गाड्या वहिनी आणि धाकटा भाऊ चालवतील, ते दोघं चालणार नाहीयेत. देणगीची पावती लगेच मागून घ्या, रोख 2000 च्या वर दिलेत तर टॅक्समध्ये धरत नाहीत, ऑनलाइनच भरा. पुणेकर सुरूर फाट्यावरून आत, सांगलीकर पाचवडवरून, हायवेला एकमेकांची वाट बघत थांबू नका, सरळ घरी या.

मेणवलीला शनिवारी संध्याकाळीच जायचं हं, रविवारी नाही. चालल्याचं दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त जाणवतं आणि मांड्या भरून आल्या की घाटाच्या पायऱ्या उतरणं नको होतं. आईला पायऱ्या जमणार नाहीत, तिच्यासाठी फोल्डिंगची खुर्ची घ्या, ती वरूनच नदी बघेल. वसईच्या मोहिमेतून आणलेली ती मोठी घंटा पोरांना नक्की दाखवा, मागच्या वर्षी अंधार पडला आणि राहूनच गेली.

आता जेवण. काकू सत्तरीच्या पुढे आहेत आणि बारा जणांचा स्वयंपाक त्या एकट्याच करायला घेतील, तेव्हा गुरुवारीच फोन करून सांगायचं की भाजी, भाकरी, दूध, सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त शेंगोळे. ते मात्र त्यांनाच करू द्या, त्यांच्या लेकाला फार आवडायचे ना. हुलग्याचं पीठ घरचंच असतं, आपण सगळ्यांनी खाली बसून वळायचे, पोरांनी पण, वाकडे झाले तरी चालतील. काकू सगळ्यात जास्त बोलतात त्या तेव्हाच.

आणि जुने फोटो शोधा, प्लीज, हॉस्टेलचे, सहलीचे, कसलेही, तो कोपऱ्यात अर्धा दिसत असला तरी. काकूंना मोबाइलवर नीट दिसत नाही, मोठ्या साइजची प्रिंट काढून आणा. मागच्या वेळी एका फोटोवरून त्यांनी विचारलं, अरे हा शर्ट कुणाचा घातलाय याने, आणि मग रात्री दीडपर्यंत कुणी उठलंच नाही.

छातीवर लावायच्या नंबराच्या कागदावर शुक्रवारीच ठळक मार्करने त्याचं नाव लिहा. वॉक संपल्यावर तो घामाने भिजलेला असतो, चुरगाळून टाकू नका, नीट वाळवून आणा, काकू सगळे त्याच्या कपाटात ठेवतात. पिना प्रत्येकी चार लागतात, त्या मी आणतोय.