वयानुसार जमाखर्च मांडताय? या चुका टाळा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, गोव्याचा एकूण जननदर १.३ निघाला. एका बाईमागे दीड मूलही नाही. आज शाळेत जाणारी ही मोजकी मुलं उद्या कमावती होतील, तेव्हा त्यांच्या कमाईवर कितीजणांचा भार असेल? हे सांगायचं तर कोणत्या वयाचा माणूस किती कमावतो, किती खर्च करतो आणि मधली तूट कोण भरून काढतं, सरकार, घरचे की त्याची स्वतःची पुंजी, याचा हिशेब लागतो. रोनाल्ड ली आणि अँड्र्यू मेसन यांनी ‘नॅशनल ट्रान्स्फर अकाउंट्स’ या नावाने ही पद्धत उभी केली आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये तिची मार्गदर्शिका काढली. आपल्याकडची मुलं ती आता शिकू लागली आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांना शिकवताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे मांडतो.

सगळ्यात जास्त फसवते ती सरासरी. एका प्रशिक्षणात एका मुलीने बावीस वर्षांच्या तरुणांची कमाई महिना २०,००० दाखवली. आलेख सुरेख दिसत होता. तिची तालिका उघडली तर दहाजणांपैकी कमावणारे चारच. उरलेल्या सहांच्या रकान्यात तिने काहीच लिहिलं नव्हतं आणि संगणकाने त्यांना मोजणीतूनच वगळलं होतं. तिथे शून्य भरल्यावर तोच आकडा ८,००० वर आला. इथे भागायचं ते त्या वयाच्या सगळ्या माणसांनी, नुसत्या कमावत्यांनी नाही. पाहणीतल्या प्रत्येक नोंदीला दिलेला भारांक, म्हणजे ती नोंद किती माणसांच्या वतीने आहे तो आकडा, लावायलाही विसरू नका.

आलेखात ६०, ६५, ७० ला सुळके आले तर उत्पन्नाचा अर्थ लावण्याआधी वयाची नोंद तपासा. ‘मुक्ती झाली तेव्हा मी बारा वर्षांची होते,’ असं एखादी आजी सांगते. १९६१ मध्ये बारा, म्हणजे २०१८ च्या पाहणीत ६९. पण नोंद करणारा घाईत ७० लिहून मोकळा होतो. अशी आठवण सांगितली तर तिथल्या तिथे वजाबाकी करून वय लिहायचं. त्यात गोव्याचा नमुना लहान, प्रत्येक वयाला माणसं मोजकीच सापडतात, म्हणून आलेख थोडा सपाट करून घ्यावा लागतो. शिक्षणाचा खर्च मात्र सपाट करू नका. तो शाळेच्या वयात एकदम चढतो आणि पुढे एकदम उतरतो, तो चढउतार खरा आहे.

राज्याचं एकूण उत्पादन लोकसंख्येने भागून ‘गोयकाराचं उत्पन्न’ म्हणायची चूक तर वर्तमानपत्रांतही दिसते. राज्याच्या हद्दीत जे तयार झालं, ते त्या आकड्यात येतं. वेर्ण्यातल्या औषध कारखान्याचा नफा बाहेरच्या भागधारकांकडे गेला तरी तो त्यात मोजलेला असतो. बोटीवरच्या तारवट्याचा परदेशी पगार मात्र त्यात नसतो आणि त्याची आई त्याच पैशावर घर चालवत असते. पाहणीत तिचा खर्च दिसतो, कमाई दिसत नाही. बाहेरून येणाऱ्या पैशासाठी वेगळा रकाना ठेवला नाही, तर तिचा खर्च कुठून भागतो याचं उत्तर सापडत नाही आणि मग कोणीतरी ते ‘बचतीतून’ असं भरून टाकतं.

टॅक्सीवाल्याचं सगळं उत्पन्न मजुरी धरू नका. त्यात गाडीचाही वाटा आहे. स्वयंरोजगाराच्या उत्पन्नातले दोन भाग श्रमाचे आणि एक भाग भांडवलाचा, असा रिवाज आहे. घरगुती खानावळीत आई, मुलगी आणि सून राबत असतील तर श्रमाचा वाटा नुसत्या वडिलांच्या नावावर टाकू नका.

आणि चूल, मुलं, आजारी सासू? २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देताना दिसल्या, पुरुष ९७. हा वेळ पैशाच्या हिशेबात येत नाही, त्यासाठी वेळेचा लेखा वेगळा मांडावा लागतो. तो न मांडता गृहिणींना दरमहा पैसे देणाऱ्या गोव्याच्या ‘गृह आधार’सारख्या योजनेवर मत देणं मला अन्यायाचं वाटतं. त्या बाईला तुम्ही नुसती घेणारी दाखवता.

शेवटी प्रत्येक वयाची सरासरी गुणिले त्या वयाची लोकसंख्या, अशी सगळ्या वयांची बेरीज सरकारी लेख्यातल्या एकूण आकड्याशी जुळायला हवी. जुळवण्यासाठी तीनने गुणावं लागत असेल तर गुणू नका. आधी शोधा, महिन्याचा आकडा वर्षाचा धरला का, एखादा खर्च सुटला का.

काम एकाच जाणकाराच्या डोक्यात ठेवणं ही तर घात करणारी चूक. त्याची बदली झाली की पुढचा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो. अजून आपण २०११ च्या जनगणनेतल्या गोव्याच्या १४,५८,५४५ लोकसंख्येवरून अंदाज बांधतोय. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे वयानुसार आकडे येण्याआधी तुमचा जुना हिशेब दुसऱ्या कोणाकडून, तुम्हाला काहीही न विचारता, एकदा करून घ्या. तो जिथे अडेल, तिथली पायरी त्याच फाइलीत लिहून ठेवा.